यंदा काय लुटायचं? बागवाल्या बायकांसाठी घरचं वाण

आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळात प्लॅस्टिकच्या 34 वाट्या आहेत. दिवाळीच्या साफसफाईत मोजल्या. शिवाय 11 गाळण्या, 6 कुंकवाच्या डब्या, आणि साबणाच्या डिशी किती ते मोजायचं मी सोडून दिलं. सगळं संक्रांतीचं वाण. लग्न होऊन बेळगावच्या वडगावात आल्याला 31 वर्षं झाली, दर वर्षी रथसप्तमीपर्यंत वीस-बावीस घरचं हळदीकुंकू, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. लोकांना नावं ठेवायला मी कोण, मीही तेच लुटत होते.

सहा वर्षांपूर्वी ऐन संक्रांतीच्या आठवड्यात माझ्या पिकोच्या मशीनची मोटर जळाली. (साड्यांना फॉल-पिको करून देणं हा माझा धंदा.) वाणाला बाजूला काढलेले 1,100 रुपये मोटरीत गेले. घरात होतं काय, तर परसातल्या घेवड्याचं डबाभर बी. जुन्या कॅलेंडरच्या पानांची पाकिटं केली, प्रत्येकात दहा दाणे घातले, वर हळदकुंकवाचं बोट लावलं. एकीनं पाकीट कानाशी हलवून "ह्यात काय, औषध?" म्हणून विचारलं. पण पुढच्या थंडीत चौघींच्या घरून वाटीवाटीनं घेवडा आला, आणि भोगीच्या भाजीला मला एक शेंग विकत घ्यावी लागली नाही. तेव्हापासून मी बागेचंच काहीतरी लुटते. गेल्या संक्रांतीला 25 वाणांचा सगळा खर्च 420 रुपये आला, त्यातले निम्मे सुगडांचे. संक्रांतच हवी असं नाही, वास्तुशांतीला, रिटायर झालेल्या दिरांना, कुणालाही हेच चालतंय.

आता कृती. पण आधी बाजारात जाऊ नका. जिला द्यायचं तिच्या परसात डोकवा.

आमच्या जिल्ह्यात हे जास्तच लागू आहे. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, तिकडं लाल माती आणि पावसाची झड. उत्तरेला-पूर्वेला चिकोडी, अथणी, गोकाककडं जाल तशी माती काळी आणि पाऊस कमी. एकीला दिलेलं दुसरीला विषासारखं होतं. माझं माहेर खानापूर तालुक्यात. तिथं चुलीची राख कुणी टाकत नाही, चाळून झाडाच्या बुडात घालतात, आणि झाड मानतं, कारण ती लाल माती आंबट असते, राखेनं आंबटपणा उतरतो, वर पालाश (पोटॅश) मिळतं ते वेगळं. मी मोठ्या प्रेमानं पाच किलो चाळलेली राख निपाणीला नणंदेला पाठवली. वन्संची माती काळी, चुनखडीची, तिच्यात आंबटपणा मुळातच नाही. त्यांनी सगळी राख गुलाबांना घातली. दोन महिन्यांत नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. अशा मातीत झाडाला लोह असून मिळत नाही, त्यात राखेनं आणखी भर घातली. वन्संनी तोंडानं काही म्हटलं नाही. पुढच्या संक्रांतीला मला साबणाची डिश दिली.

तेव्हापासून मी फॉलच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते. नमुना सांगते: "अक्का. गच्ची, दिवसभर ऊन. 14 कुंड्या. बोअरचं पाणी. मार्चमध्ये लेकीकडं जाते, पाणी घालायला कोण नाही." किंवा "टोकाच्या काकू. परसात सावली, लाल माती, कोंबड्या बी उकरतात." एवढं लिहिलं की वाण आपोआप ठरतं. काकूंना बी देऊन काय उपयोग, कोंबड्यांचं हळदीकुंकू होणार. त्यांना जरा वाढलेलं रोप द्यायचं.

बियांचं सांगते, कारण सगळ्यांत स्वस्त तेच आणि सगळ्यांत जास्त चुका त्यातच होतात.

संक्रांतीला बी द्यायचं तर तयारी दसऱ्यापासून. दसऱ्याच्या सुमाराला वेलावरची, झाडावरची चांगली फळं हेरून त्यांना सुतळीचा तुकडा बांधा, म्हणजे घरातली माणसं भाजीला तोडणार नाहीत. आमचे हे दोनदा माझी बियाण्याची भेंडी तोडून आले, "ह्या जून झाल्या होत्या म्हणून काढल्या" म्हणे. भेंडी झाडावरच तपकिरी होऊन तडकायला लागली पाहिजे. घेवड्याची शेंग वाजली पाहिजे. दोडका वेलावरच वाळून हलका आणि आतून खुळखुळा झाला पाहिजे. त्याचं टोक मोडून उलटा केला की बिया आपोआप पडतात, आणि राहिलेली जाळी अंग घासायला होते, म्हणजे एका दोडक्यात दोन वाणं. वांगं खायच्या पलीकडं गेलं पाहिजे, पिवळं, मऊ. ते कुस्करून पाण्यात टाका, बुडेल ते बी ठेवा, तरंगेल ते फेका.

टोमॅटोला थोडी घाण सहन करावी लागते. पिकलेला टोमॅटो ग्लासात पिळून चमचाभर पाणी घाला आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवा. वर बुरशीची साय येते, वास सुटतो, येऊ दे. बीभोवतीचा बुळबुळीत पडदा त्यानंच सुटतो. मग धुऊन बुडालेलं बी स्टीलच्या ताटात पसरून सावलीत वाळवा. कागदावर घालू नका, चिकटतं.

दुकानातल्या हायब्रीड पाकिटाच्या झाडाचं बी धरू नका, पुढच्या पिढीत काय निघेल त्याचा भरवसा नाही. आणि दुधी, काकडीचं बी धरताना त्या वेलाचं फळ चाखून बघा. वेलवर्गात परागाची सरमिसळ होते, कधी कधी कडू फळ निघतं, आणि कडू दुधी पोटात गेला तर माणूस दवाखान्यात जातो. जिभेला कडू लागला की थुंकायचा, त्या वेलाचं बी कुणाला द्यायचं नाही.

वाळलं का नाही हे दातानं बघतात. घेवड्याच्या दाण्यावर दात उमटला तर अजून ओलं आहे, टणक लागला तर झालं. मग चाळलेली बारीक राख चोळून बरणीत, भुंगा लागत नाही. (ही राख चिमूटभर असते, हिनं वन्संच्या गुलाबाला काही होत नाही.) द्यायच्या आधी पंधरा दिवस दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, रोज फडकं ओलं करा. आठवड्यात सात-आठ दाण्यांना मोड आले तर बेशक द्या. चारांनाच आले तर पाकिटात दुप्पट घाला. एकालाही आला नाही तर यंदा तुम्ही साबणाची डिश द्या.

पाकिटाला चकचकीत कागद नको, साधा हवा. कॅलेंडरच्या पानाचा वितीएवढा चौकोन कापा, कोनावर कोन ठेवून त्रिकोण करा, दोन्ही बाजूंची टोकं आडवी आणून एकात एक अडकवा, वरची जीभ आत खोचा. किराणा दुकानात जिरं-मोहरीची पुडी बांधत तीच घडी, डिंक लागत नाही. मी मात्र तारखांचा भाग बाहेर ठेवते आणि कधी पेरायचं त्याच महिन्याचं पान वापरते. जूनच्या पानात घेवडा, फेब्रुवारीच्या पानात भेंडी-दोडका. वाचायचा कंटाळा करणाऱ्या बायकांनाही कळतं. हा शहाणपणा नव्हे, गरज आहे. आपल्याकडचा जुना वेलघेवडा दिवस लहान व्हायला लागले की फुलतो. जानेवारीत वाण मिळालं म्हणून कुणी लगेच पेरला तर पुढं दिवस वाढत जातात, मांडवभर पानं होतात आणि शेंग काही दिसत नाही, मग शिव्या मला. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात: "आत्ता पेरू नका. मृगात पेरा." भेंडी, काकडी, दोडका मात्र संक्रांतीनंतर थंडी जरा ओसरली की पेरायला हरकत नाही.

आमच्या गल्लीत निम्मी घरं कन्नड बोलणारी. म्हणून पाकिटावर दोन्ही नावं घालते: अंबाडी म्हणजे पुंडी, वांगी म्हणजे बदनिकाई, भेंडी म्हणजे बेंडेकाई, कढीपत्ता म्हणजे करिबेवु. कन्नड अक्षर माझं वळणदार नाही, ते अक्काच लिहून देते आणि दर वर्षी एक चूक काढते. तिच्याकडून मी मोगऱ्याला मल्लिगे म्हणायला शिकले, माझ्याकडून ती "अगं बाई".

आता सुगडं. हे माझं आवडतं, म्हणून जरा सविस्तर.

संक्रांतीला आपण पाच सुगडं आणतो, त्यात गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, गव्हाची ओंबी घालून पूजा करतो. आणि मग? मग ती सुगडं माळ्यावर जातात, नाहीतर तुळशीच्या मागं पडून राहतात. एका वर्षी तुळशीमागं पडलेल्या अशा एका सुगडात पाणी साठलं होतं. बाहेरून ते ओलसर होतं आणि त्याच्या बुडाशी ऐन एप्रिलात दुर्वा हिरव्यागार. न रंगवलेल्या भाजक्या मातीतून पाणी पाझरतं, म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. तेच कुंडीत पुरलं की झाड स्वतःला हवं तेवढं पाणी ओढून घेतं. मोठ्या माठांनी हे जुन्यापासून करत आलेत लोक, मी ते फक्त बारकं केलं.

करायचं असं. सुगडं घेताना रंगीत, चमकी लावलेली घेऊ नका. ऑइलपेंट लागला की भोकं बुजतात, पाझर बंद. लालभडक साधी घ्या. मी कुंभाराकडं जाते तेव्हा एकेक टिचकी मारून घेते, खणखणीत वाजलं पाहिजे, भद्द वाजलं तर चिरलेलं. खानापूरकडची माती कुंभारकामाची, तिथं खादी ग्रामोद्योगाचं कुंभारकाम शिकवायचं केंद्रसुद्धा आहे, त्यामुळं माहेरी गेले की एक टोपली तिकडूनच आणते. घरी आणली की रात्री काठोकाठ पाणी भरून फरशीवर ठेवायची. सकाळी बाहेरून अंग ओलं आणि फरशीवर ओला गोल उमटला असेल तर ते सुगड पास. फरशी कोरडी असेल तर ते पूजेला ठेवा. सकाळपर्यंत निम्मं रिकामं झालं असेल तर कुठंतरी भेग आहे, त्यात तीळ ठेवा.

पुरताना कुंडी निदान फूटभर तोंडाची हवी. मधोमध न पुरता कडेला पुरा, गळ्यापर्यंत, तोंड मातीच्या वर बोटभर राहील असं. नाहीतर पाणी घालताना माती आत जाते. भोवतीची माती हातानं नीट दाबा, पोकळी राहिली तर पाझरलेलं पाणी मुळापर्यंत जात नाही. मग, आणि हे बायका विसरतात, आधी कुंडीला वरून भरपूर पाणी घाला. कोरड्या मातीत सुगड भरलं तर ती एका तासात सगळं पिऊन टाकते आणि तुम्ही मला फोन करता. त्यानंतर सुगड भरायचं आणि वर दिवाळीची पणती पालथी झाकायची. झाकण पाहिजेच. न झाकलेल्या सुगडात आठवड्यात डासांच्या अळ्या होतात, वाणाच्या नावानं डेंगी वाटायचा का?

माझ्या गच्चीवर मार्चच्या उन्हात एका सुगडाचं पाणी दीड दिवस पुरतं, पुदिना आणि मिरचीच्या कुंडीत. परसात जमिनीवर काकडी लावायची असेल तर सुगड पुरत नाही, पाच लिटरचा माठ घ्या, त्याच्याभोवती तीन-चार वेल, मग तीन-चार दिवसांनी भरलं तरी भागतं. माठाला तळाशी भोक असेल तर सिमेंटनं बुजवा. बोअरच्या जड पाण्यानं वर्षभरात बाहेरून पांढरा थर चढतो आणि पाझर मंदावतो, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला उपसून काढा, काथ्यानं खसखसून घासा (साबण नको), उन्हात वाळवा, दिवाळीनंतर पुन्हा पुरा. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाळी परसात ह्याची चार महिने गरजच नाही, तिकडच्या वहिनींना मी सुगड देते तेही फक्त उन्हाळ्यासाठी, असं सांगून.

वाण म्हणून देताना सुगडात एक बियांचं पाकीट, वर पणती, आणि गळ्याला सुती पट्टीची गाठ. ती पट्टीही कामाची, पुढं सांगते.

अक्काला मी पहिल्यांदा दिलं तेव्हा तिनं दोन्ही हातांत धरून विचारलं, "वैनी, ह्यात काय घालायचं, तिळगूळ?" मी म्हटलं, पाणी. मार्चमध्ये ती अकरा दिवस लेकीकडं गेली. जाताना 14 सुगडं भरून गेली, मधे एक दिवसाआड मी भरत होते. आली आणि म्हणाली, करिबेवु माझ्यापेक्षा ताजातवाना आहे.

पुढच्या गोष्टी पटापट सांगते.

त्या पट्ट्या. जुन्या सुती साडीचे काठ काढून उरलेल्या पदराच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडा, कापू नका, फाडल्या की सरळ जातात. टोमॅटो, घेवड्याचे वेल बांधायला ह्यापेक्षा चांगलं काही नाही, देठ कापला जात नाही. आमच्या वडगावात मागांची घरं पुष्कळ, सुताची वेस्टेज मागितली की पिशवीभर मिळते, पण त्यातला रेशमी आणि पॉलिस्टरचा धागा झाडाला बांधू नका, देठात रुततो. सुती तेवढाच निवडा. पट्ट्यांची चेंडूएवढी गुंडी करून द्या, दिसायलाही छान दिसते.

झाडांच्या पाट्या. कोल्ड्रिंकचा ॲल्युमिनियमचा डबा जपून कापून पट्ट्या करा, मऊ कापडावर ठेवून वाळलेल्या बॉलपेननं दाबून नाव लिहा. अक्षर खोल उमटतं, ऊन-पाऊस काही करत नाही. कडा मात्र दुमडा, नाहीतर बोट कापतं. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लिहायचं तर मार्कर नको, साधी शिसपेन्सिल वापरा. मार्कर उन्हात उडून जातो, शिसं राहतं. माझा विश्वास नव्हता, दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितलं.

नारळाच्या करवंट्यांत पुदिना, ओवा, शेवंतीचे फुटवे. करवंटीला तीन डोळे असतात, त्यातला मऊ डोळा खिळ्यानं फोडला की पाणी जायला वाट झाली. टोकाच्या काकूंना हेच.

मोगरा द्यायचा असेल तर जूनमध्ये दाब कलम करायला हवं. पेन्सिलीएवढी फांदी वाकवून डोळ्याखाली बोटभर साल खरवडा, शेजारच्या कुंडीत पुरा, वर दगड ठेवा, दोन-अडीच महिन्यांत मुळं धरली की आईपासून कापा. संक्रांतीपर्यंत रोप तयार. फक्त थंडीत मोगरा काटकीसारखा दिसतो. एकीनं मी दिलेला मोगरा मेला म्हणून उपटला. आता मी कुंडीत चिठ्ठी खोचते: "जिवंत आहे. छाटू नका, माझं मी छाटलंय. फेब्रुवारीत फुटेल."

हातांसाठीही काहीतरी द्यावं. मातीत हात घालणाऱ्या बाईची बोटं थंडीत कशी चिरतात ते मला माहीत आहे, कारण त्याच बोटांनी मी शिफॉनवर पिको करते आणि धागे अडकतात. माहेरी ह्याला भिरंडेल लावतात, कोकमाच्या बियांचं तेल, पांढऱ्या गोळ्याच्या रूपात मिळतं, मुठेलही म्हणतात. गोळा नुसता चोळला तर टणक लागतो. म्हणून किसणीवर किसून एक भाग भिरंडेल आणि दोन भाग खोबरेल वाटीत घ्या, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, वितळलं की ढवळून छोट्या डब्यांत ओता. कुंकवाच्या त्या 6 डब्या इथं कामी आल्या. अत्तर, रंग काही घालू नका. हळद घालायचा मोह मला झाला होता. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या साडीवर त्याचं बोट उमटलं आणि मोह संपला. थंडीत घट्ट राहतं, एप्रिलात पातळ होतं, एवढं सांगून द्या.

घनजीवामृत (शेणाचं वाळवलेलं खत) देताना मात्र जपा. 10 किलो ताजं शेण, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती, मळायला लागेल तेवढं गोमूत्र. दोन दिवस सावलीत गोणपाटाखाली, मग लिंबाएवढे गोळे वळून सावलीतच खडखडीत वाळवायचे. कोरडं ठेवलं तर सहा महिने टिकतं. पातळ जीवामृत आठवड्याच्या आत संपवावं लागतं, बाटलीत भरून भेट द्यायची वस्तू ती नव्हे, बाटली फुगते. कृतीत चुकण्यासारखं काही नाही. मी चुकले डब्यात. घरात कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचा, रिकामा डबा होता, चांगला जाड पुठ्ठ्याचा, त्यात नऊ गोळे नीट बसले. भावाकडं दिला आणि घाईत सांगायचं राहिलं. दादानं रात्री जेवल्यावर डबा उघडला. पुढचं मी लिहीत नाही. वहिनी अजून म्हणते, "बेळगावचा कुंदा पाठवा की, झाडांना." तेव्हा डब्यावर आधी लिहा, मग भरा.

एक गोष्ट मी देत नाही. निपाणीत तंबाखूची भुकटी सहज मिळते, आणि झाडावरची मावा कीड मारायला तंबाखूचा काढा हा जुना उपाय. पण तो विषच, कातडीतूनही अंगात जातो. बाटलीत भरून गाठ बांधून दिला तर कुणाच्या घरी लेकराच्या हाती लागेल सांगता येत नाही. शिवाय तंबाखूचा एक विषाणूजन्य रोग टोमॅटो-मिरचीला हातांनीच लागतो, पानं चट्टेदार होऊन आखडतात. तंबाखू खाणाऱ्या-मळणाऱ्या पाव्हण्यांनाही मी टोमॅटोच्या वाफ्यात हात धुतल्याशिवाय जाऊ देत नाही, मग ते सासरचे असोत. केळीच्या सालीचं पाणी, अंड्याच्या टरफलांचे तुकडे असलं मोबाइलवर बघून बाटल्या भरणाऱ्यांनाही सांगते, टरफल मातीत वर्षानुवर्षं तसंच राहतं, द्यायचंच तर मिक्सरला पीठ करून द्या, आणि तेही लाल मातीवालीला.

ज्यांच्याकडं सगळं आहे, चांगली माती, चांगलं खुरपं, स्वतःचं बी, त्यांना मी चिठ्ठी देते. कॅलेंडरच्याच कागदावर लिहिते: "ह्या चिठ्ठीवर एकदा खुरप्याला धार लावून मिळेल" किंवा "गावाला गेल्यावर 8 दिवस झाडांना पाणी". धार लावायला मी कात्र्यांचाच दगड वापरते. खुरप्याला एकाच बाजूनं घासायचं, दुसऱ्या बाजूची नुसती कूस काढायची, आणि शेवटी खोबरेलाचं बोट, गंज चढत नाही. ह्या वाणाला पैसा लागत नाही, पण चिठ्ठी वटवायला लोक बरोबर मे महिन्यात येतात. गेल्या वर्षीच्या सातांपैकी चार वटल्या. राहिलेल्या तिघींमध्ये एक वन्सं आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर मी 8 दिवस पाणी असं लिहिलं होतं. परवा फोन आला, ह्या उन्हाळ्यात त्या चारधामला जाणार आहेत, 22 दिवस, आणि विचारत होत्या की चिठ्ठीवरच्या 8 च्या पुढं काही खाडाखोड करता येईल का. गुलाब चाळीस आहेत. राख आणू नकोस म्हणाल्या.